आचाऱ्यांचा सत्कार

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अहवालात सातव्या पानावर एक वाक्य छापून आलं : 'वर्धापनदिनाच्या स्नेहभोजनानंतर अध्यक्षांच्या हस्ते आचार्यांचा सत्कार करण्यात आला.'

सत्कार झाला होता तो आचाऱ्यांचा. नवरा-बायको दोघंच, हाताशी एक वाढपी पोरगा, आणि दीडशे पानांचा स्वयंपाक. मसालेभात उतरला तेव्हा आख्ख्या पेठेत वास गेला होता. शाल घेण्याआधी बाईंनी ओले हात पदराला पुसले, तेही मला आठवतंय. पण अहवाल सभासदांच्या हातात पडला आणि सर्वसाधारण सभेत एक निवृत्त मुख्याध्यापक उठून उभे राहिले. चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाले, "नेमके कोणते आचार्य येऊन गेले? आम्हाला कुणी कळवलं नाही."

सभा हसली, मीही हसले. अहवाल मीच टाइप केला होता.

घरी येऊन तेच पान पुन्हा उघडलं. खाली सहलीचा वृत्तान्त होता आणि त्यात आमचे सभासद 'दर्याखोऱ्यांतून' भटकून आले होते. खोऱ्यांचा ऱ्य जागेवर, दऱ्यांचा मात्र दर्या झालेला. समुद्र बघायला आमच्या गावातून घाट उतरून पाच तास जावं लागतं.

हाताने लिहिताना ही चूक मी केली नसती. आचार्य म्हणजे वर रफार आणि आचारी-आचाऱ्यांना म्हणजे य ला बिलगलेली ती छोटी कमान, हे वळण शाळेतच हाताला बसलेलं असतं. पण मी हाताने लिहीत नव्हते आणि खरं सांगायचं तर मराठीतही लिहीत नव्हते. अकरा वर्षं मी इंग्रजी अक्षरं बडवून मराठी 'काढत' होते. इंग्रजीत उच्चार लिहायचा, खाली चार-पाच शब्दांची यादी उघडते, त्यातला जवळपासचा शब्द निवडायचा. के-ए-एल एवढी तीन बटणं दाबली की मला कल हवाय, कळ हवीय, काल हवाय की काळ, हे यंत्राला कसं कळणार? न आणि ण चा तोच घोळ, ल आणि ळ चा तोच. म्हणून प्रत्येक शब्दाला डोळे त्या यादीवर. संध्याकाळी पाचच्या सुमाराला यादीतला तिसरा शब्द आणि चौथा शब्द सारखेच दिसायला लागतात. आचार्य तिथेच घुसले.

मी तालुक्याच्या गावातल्या एका 'ब' वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे. अनुदानाचे कागद, कार्यकारिणीची इतिवृत्तं, नव्या पुस्तकांच्या याद्या, स्मरणपत्रं, शोकसभेच्या सूचना असं सगळं टायपिंग माझ्याच गळ्यात. माझा वेग काही वाईट नव्हता, मिनिटाला बावीस शब्द. त्यामुळे आपण काही चुकीचं करतोय असं कधी वाटलंच नव्हतं.

दिवाळीत भाची आली होती. माझ्या शेजारी बसून फराळ खाता खाता माझं टायपिंग बघत होती. म्हणाली, "आत्या, तू 'ळ' लिहायला आधी 'ल' लिहून मग यादीत का शोधतेस? मराठी कीबोर्ड आहे की तुझ्याच मशीनमध्ये."

"तो सरकारी. तो शिकायला क्लास लावावा लागतो," मी म्हणाले. असं मला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक.

तिने चकलीचे हात पुसले आणि दोन मिनिटांत काम केलं. सेटिंग्ज, 'टाइम अँड लँग्वेज', त्यात भाषांच्या यादीत मराठी. तिथे मराठीचे दोन कीबोर्ड दिसतात. एकाच्या पुढे 'फोनेटिक' लिहिलेलं असतं, म्हणजे पुन्हा इंग्रजी अक्षरांतूनच लिहायचं. दुसरा इनस्क्रिप्ट, म्हणजे मी ज्याला सरकारी म्हणत होते तोच. तिने दुसरा ठेवला. विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की इंग्रजी, पुन्हा दाबला की मराठी. कंट्रोल, विंडोज आणि ओ एकदम दाबलं की पडद्यावरच कीबोर्डाचं चित्र उघडतं, कुठल्या बटणाखाली कुठलं अक्षर ते दिसतं. एवढं सांगून ती भाऊबीज झाल्यावर पुण्याला निघून गेली.

पुढचं मला एकटीलाच करायचं होतं.

वाचनालय दुपारी एक ते चार बंद असतं. त्यातली दीड ते दोन ही वेळ मी ठरवली. पहिल्या दिवशी 'वाचनालय' हा शब्द लिहायला मला पाऊण मिनिट लागलं. व सापडला, काना सापडेना. च मिळाला तोवर व कुठे होता ते विसरले. पारदर्शक स्टिकर मागवून बटणांवर चिकटवले, तर मान खालीच राहायला लागली. चार दिवसांनी सगळे खरवडून काढले. बटणांवर राहिलेला गोंद अजून बोटाला लागतो. मग चित्र छापून घेतलं आणि पडद्याच्या वर भिंतीला लावलं, म्हणजे बघायचं तर मान वर करूनच बघायचं.

आधी फक्त मधली ओळ. उजव्या हाताखाली प, र, क, त, च, ट. तर, कर, पट, चट, रट, कट. बालवाडीतल्या मुलासारखं. मग डाव्या हाताच्या मात्रा जोडून तो, ते, तिचे, पुरे, कोट, पेटते. बावन्नाव्या वर्षी भर दुपारी पंखा लावून 'तिचे कोट पुरे' असलं काहीतरी लिहीत बसायचं. शिपाईमामा एकदा दार ढकलून आत आले, पडद्यावर बघितलं आणि काही न बोलता दार लावून गेले.

वेग मोजायला मी भिंतीवरचे वाचनालयाचे नियम घेतले, क्रमांक एक ते सहा, मला पाठ असलेले. पहिल्या आठवड्याच्या शेवटी मिनिटाला पाच शब्द. दुसऱ्याच्या शेवटी सात. अठराव्या दिवशी जिल्हा ग्रंथालय कार्यालयाला तातडीचं पत्र पाठवायचं होतं. मी गुपचूप जुन्या पद्धतीवर गेले, दहा मिनिटांत पत्र मोकळं केलं आणि वाटलं, कशाला हा उपद्व्याप?

तो प्रश्न मिटला बालविभागात. तिथे भिंतीवर वर्णमालेचा जुना तक्ता आहे, कडा वाळवीने कुरतडलेल्या. मी त्याच्याखालच्या कपाटाची धूळ झाडत होते. क ख ग घ, च छ ज झ, ट ठ ड ढ. रोज दिसणारा तक्ता. आणि एकदम लक्षात आलं की हा तक्ता माझ्या उजव्या हाताखाली आहे.

कीबोर्डाच्या मधल्या ओळीत प, क, त, च, ट, म्हणजे पाचही वर्गांची पहिली अक्षरं. त्यांच्या बरोब्बर डोक्यावर, वरच्या ओळीत, ब, ग, द, ज, ड. म्हणजे त्याच वर्गांची तिसरी अक्षरं. शिफ्ट धरून तीच बटणं दाबली की मधल्या ओळीत फ, ख, थ, छ, ठ आणि वरच्या ओळीत भ, घ, ध, झ, ढ. दुसरी आणि चौथी. कठोर व्यंजनं खाली, मृदू वर आणि शिफ्ट म्हणजे महाप्राण. सातवीत व्याकरणाच्या बाई जे घोकून घेत होत्या ते सगळं कुणीतरी बटणांवर नीट मांडून ठेवलं होतं आणि मी अठरा दिवस एकेक अक्षर सुटं सुटं पाठ करत होते.

हातातलं फडकं तसंच कपाटावर टाकून मी टेबलाशी आले. डावीकडे बघितलं तर तिथेही तेच. पहिली वेलांटी मधल्या ओळीत, दुसरी तिच्या वर. पहिला उकार खाली, दुसरा वर. एक मात्रा खाली, दोन मात्रा वर. शिफ्ट धरलं की वेलांटीची इ होते, उकाराचा उ होतो, कान्याचा आ होतो. मधोमध, एरवी जिथे डी असतो, तिथे अक्षराचा पाय मोडायचं बटण. क, पाय मोडा, त : क्त. त, पाय मोडा, य : त्य. जोडाक्षरं म्हणजे एवढंच. शाळेत तरी आपण दुसरं काय करत होतो?

मग मी याची माहिती शोधली. ही मांडणी १९८० च्या दशकात भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानकात आली. ब्राह्मीतून निघालेल्या भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एकच आहे, हे तिच्यामागचं सूत्र. त्यामुळे मराठीत क जिथे आहे तिथेच गुजरातीत क, कन्नडमध्ये क, बंगालीत क. मी गंमत म्हणून गुजराती कीबोर्ड लावला आणि मला लिहिता न येणाऱ्या लिपीत 'पुरेसे' लिहून बसले. मराठीत हा शब्द मला सगळ्यात आवडतो, लिहायला म्हणतेय मी. उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा, डावा. जात्यावर दोघी बसल्यासारखे हात चालतात.

सगळंच काही असं गोड नाही. म, न आणि व ही तीन अक्षरं कुणी कशासाठी डाव्या हाताखाली ढकलली कुणास ठाऊक. मराठीत न आणि म शिवाय एक वाक्य पुरं होत नाही. 'मनमाड' लिहून बघा. म, न, म आणि काना, सगळं डावा हात एकटाच ओढतो, शेवटच्या ड ला उजवा जरा हात लावतो. 'मामा', 'नाव', 'मान', 'नवनवीन' हे सगळे डाव्याचेच. पहिला महिना माझं डावं मनगट दुखत होतं.

आणि विरामचिन्हं. इंग्रजी कीबोर्डावर प्रश्नचिन्ह ज्या बटणावर आहे ते इथे य ने घेतलंय. अवतरणचिन्हाच्या जागी ट बसलाय. उद्गारचिन्ह एकाच्या वर असतं, तिथेही स्वर येऊन बसलाय. म्हणजे प्रश्न विचारायचा तर विंडोज-स्पेस करून इंग्रजीत जायचं, चिन्ह टाकायचं आणि परत यायचं. याची सवय होते, पण माझ्या लिखाणातली उद्गारचिन्हं तेव्हापासून जवळजवळ संपली. स्मरणपत्रांत 'कृपया पुस्तक त्वरित परत करावे' यापुढे मी आधी एक ठोकत असे. आता पूर्णविराम. पुस्तकं तितकीच उशिरा परत येतात.

एक बारीक गोष्ट कुणीच सांगत नाही, म्हणून इथे लिहिते. मात्रा चुकली तर सगळं अक्षर खोडायचं नाही. बॅकस्पेसने फक्त शेवटची मात्रा जाते, अक्षर राहतं. डिलीट दाबलं तर मात्र पुढचं अख्खं जोडाक्षर मात्रेसकट उडतं. मला हे कळायला महिना लागला, तोवर मी 'स्त्री' मधली वेलांटी बदलायला स्, त्, र सगळं पुन्हा मांडत होते.

आणि ऱ. ज्याच्यासाठी हे सगळं सुरू केलं तो. र च्याच बटणावर शिफ्ट धरून. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. र चा २३५२ आणि ऱ चा २३५३. शेजारी शेजारी, पण दोन वेगळी अक्षरं. र ला पाय मोडून य जोडला की रफार येतो, म्हणजे आचार्य. ऱ ला पाय मोडून य जोडला की आचाऱ्यांना. मी त्या दुपारी वहीतल्यासारखी एक अख्खी ओळ लिहिली : दऱ्या, खोऱ्या, दुसऱ्या, वाऱ्या, पायऱ्या, न्याहाऱ्या, तऱ्हा, कुऱ्हाड. एकही यादी उघडली नाही. हवं ते अक्षर हवं तिथे उमटलं.

सहाव्या आठवड्यात सतरा शब्द. तिसऱ्या महिन्यात चोवीस, म्हणजे जुन्या वेगाच्या पुढे. आता एकतीस आहे. सरकारी मराठी टंकलेखनाची पहिली परीक्षा तीस शब्दांची असते, तेव्हा मी कागदोपत्री कुठेतरी नोकरीला लागू शकते.

याच सुमाराला कार्यकारिणीने ठरवलं की वाचनालयाच्या वाटचालीची एक स्मरणिका काढायची आणि जुन्या अहवालांतून मजकूर गोळा करायचा. १९९९ ते २०१० चे बारा अहवाल एका सीडीवर होते. गावातल्या डीटीपीवाल्या काकांनी त्या वेळी टाइप केलेले. सीडी घालायला जागाच नाही आताच्या मशीनला. शेजारच्या सायबर कॅफेतून बाहेर जोडायचा ड्राइव्ह आणला आणि फाइल उघडली. पडद्यावर मराठीचा एक ठिपका नाही. रोमन अक्षरं, कंस, डॉलर, टक्क्याची खूण, डोक्यावर दोन टिंबं असलेले यू. पानच्या पान.

मी काकांना बोलावलं. सत्तरीला आलेत. गावातल्या निम्म्या लग्नपत्रिका त्यांच्या हातच्या. ते पडद्याकडे बघून म्हणाले, "फॉन्ट नाय तुमच्याकडं."

ते बरोबर होतं, पण अर्धंच. जुन्या पद्धतीत संगणकाच्या दृष्टीने ते रोमन अक्षरच असतं. फक्त त्या अक्षराच्या जागी मराठी आकार रंगवलेला फॉन्ट असतो. फॉन्ट काढला की मुखवटा उतरतो आणि खालचं रोमन दिसतं. त्यामुळे त्या फाइलीत 'ग्रंथ' हा शब्द शोधला तर सापडणार नाही, कारण तो तिथे नाहीच. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, क हा क च असतो, क्रमांक २३२५, कुठलाही फॉन्ट लावा.

काका म्हणाले, "बघू तरी तुमचं नवीन." खुर्चीत बसले, बोटं मोडली आणि 'किती' लिहायला गेले. तीस वर्षांच्या सवयीने आधी पहिली वेलांटी, मग क. पडद्यावर एक टिंबांचं वर्तुळ उमटलं, त्याला वेलांटी टांगलेली, आणि शेजारी क कोरडाच.

"हे काय झालं?"

"काका, आधी क, मग वेलांटी."

"पण वेलांटी क च्या आधी असते की. डावीकडं. टाइपरायटरवर बी आधीच दाबायचो."

"बोलताना क आधी येतो ना?"

"मी बोलत नाय मॅडम, टाइप करतोय."

यावर मला उत्तर सुचलं नाही. खरं म्हणजे त्यांचा मुद्दा चूक नव्हता. ते अक्षर चित्रासारखं मांडत आले होते, डावीकडून उजवीकडे, जसं कागदावर दिसतं तसं. रफाराचंही तेच. 'सर्व' मधला रफार ते व झाल्यावर वर ठेवायचे. इथे र आधी, मग पाय, मग व. त्यांनी पाच मिनिटं प्रयत्न केला, दोनदा वर्तुळं उमटवली आणि चहा पिऊन निघून गेले.

जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायला इंटरनेटवर फुकट परिवर्तक मिळतात. जुन्या फॉन्टचं नाव निवडायचं, मजकूर चिकटवायचा, बटण दाबायचं. २००४ चा अहवाल त्यातून बाहेर आला तेव्हा मला खरोखर आनंद झाला, मुळं पुसून कुंडीत रोप उभं राहावं तसा. पण अहवालात मधेमधे जे शब्द मुळातच इंग्रजीत होते, त्यांनाही त्या यंत्राने मराठी समजून वळवलं होतं. एका इमेल पत्त्याचं असं काही देवनागरी कडबोळं झालं होतं की ते मी वहीत उतरवून ठेवलंय. बारा अहवाल ओळीने तपासायला तीन आठवडे गेले.

तपासताना एक वेगळीच भानगड निघाली. आमच्या माजी पदाधिकाऱ्यांत वकील बरेच. मी सगळा मजकूर एकत्र करून 'ॲड.' शोधलं तर नऊ मिळाले. यादीत तर चौदा असायला हवेत. पाच वकील गेले कुठे? डोळ्यांनी शोधलं तर होते, 'अॅड.' असं स्पष्ट लिहिलेले, समोरच. डोळ्याला दोन्ही एकच दिसतात. पण एक ॲ म्हणजे एकसंध अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र ठेवायचे, म्हणजे दोन क्रमांक. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. मी सगळीकडे शोधून एकच रूप केलं. मग पुस्तकांच्या यादीतही तेच केलं, तेव्हा 'ॲ' ने सुरू होणारी काही पुस्तकं, जी 'नाहीत' असं मी सभासदांना सांगत आले होते, ती असल्याचं निघालं. त्यातलं एक मागायला आलेली मुलगी आता नोकरीला लागून मुंबईला गेली.

१९५० च्या दशकातले अहवाल तर छापीलच होते, खिळे जुळवून छापलेले. त्यांचे फोटो काढून गूगल ड्राइव्हवर टाकले आणि गूगल डॉक्समध्ये उघडले की तो मजकूर टाइप होऊन येतो, मराठीसुद्धा. स्वच्छ पान असेल तर थक्क व्हायला होतं. जिथे खिळा झिजलेला तिथे घ चा ध आणि भ चा म. हस्तलिखित इतिवृत्तांना मात्र ते चालेना. तिथे मी फोनवर बोलून लिहवायला सुरुवात केली. इतिवृत्त समोर धरायचं आणि सावकाश वाचायचं. विरामचिन्हं येत नाहीत, माणसांच्या नावांची वाताहत होते, पण कच्चा मजकूर तर मिळतो. मला वाटलं होतं, बोलून लिहिता येतंय तर टायपिंग शिकण्याचा खटाटोप वायाच गेला. तसं झालं नाही. बोललेल्या मजकुराची दुरुस्ती करायला बोटंच लागतात आणि दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा एक मात्रा, एक रफार, एक ऱ. ते इंग्रजी अक्षरांतून करायचं म्हणजे सगळा शब्द पुन्हा.

स्मरणिकेचा मजकूर तयार झाला, एकशे चौसष्ट पानं, सगळा युनिकोडमध्ये, माझ्या हातचा. पेन ड्राइव्ह घेऊन काकांकडे गेले. त्यांनी फाइल उघडली आणि सगळीकडे चौकोन. त्यांचं पानं मांडायचं सॉफ्टवेअर इतकं जुनं की त्याला युनिकोड कळतच नाही. मग काय, त्यांनी दुसरा एक परिवर्तक काढला आणि माझं सगळं युनिकोड पुन्हा त्यांच्या जुन्या फॉन्टात उलटं फिरवलं. मी तीन आठवडे ज्या भाषेतून मजकूर बाहेर काढला होता, तिच्यातच तो डोळ्यांदेखत परत गेला. काका म्हणाले, "छापून आल्यावर सगळं सारखंच दिसतं."

पहिलं प्रूफ आलं तेव्हा मी लेख वाचले नाहीत. लाल पेन घेऊन फक्त ऱ्य शोधत बसले. पहिल्या प्रकरणात तेरा होते. बारा बरोबर होते.

ही गोष्ट पावसाळ्यातली. परवा रात्री साडेनऊला काकांचा फोन आला. मला वाटलं बिलाचं काहीतरी असेल. तर म्हणाले, "मॅडम, एक विचारायचंय. ते तुमचं बसवलंय मी. नातवानं घालून दिलं. आता फ्लेक्सचा मजकूर सगळे व्हॉट्सॲपवरच पाठवतात, परत परत टाइप करायचा कंटाळा येतो. वेलांटीचं जमतंय हळूहळू."

"अरे वा. मग अडलं कुठे?"

"उद्गारचिन्ह कुठं ठेवलंय?"

मी सांगितलं की ते नाहीये, इंग्रजीत जायचं, शिफ्ट धरून एक दाबायचा आणि परत यायचं.

पलीकडे बटणांचा खडखडाट ऐकू आला. मग थोडा वेळ काहीच नाही.

"हे बघा," काका म्हणाले, "उद्या सकाळी सातला सरपंचांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागायचाय. 'हार्दिक शुभेच्छा' च्या पुढं तीन लागतात. तीनदा जाऊन यायचं का एकदाच?"